दुसरा पर्याय

म्हेत्रे सर लॅटिन शिकले ते गुळाच्या अडतीत,
पट्ट्या लिहिता लिहिता,
रद्दीत आलेल्या एका व्याकरणावरून
ज्याची पहिली चाळीस पानं
कुणीतरी भडंग बांधायला नेली होती.
त्यामुळे त्यांना विभक्त्या येतात,
उच्चार येत नाहीत.
"हरकत न्हाई," म्हणतात, "ऐकणारे सगळे मेलेत."

बुधवारी, टाऊन हॉलच्या बागेत,
आम्ही एका सम्राटाचं मरण वाचतो.
आजचा तिसरा बुधवार. वाक्य एकच.
"कर्ता शोध."
मी शोधतो.
दारं लोटलेली, वैद्य बोलावलेला, उशी हललेली.
सगळं झालेलं आहे,
केलेलं कुणीच नाही.
आपल्याकडेही एक 'ने' गाळला
की अख्खं राज्य निर्दोष सुटतं.

"मेला आणि मारला," सर म्हणतात,
"मात्रेचा काना झाला, मधे एक र शिरला.
तो र कुणाचा, ते हा लिहीत न्हाई."

तापाने गेला, असं काहींचं मत. किंवा,
आणि इथे वाक्य मान वळवतं.
पहिल्या पर्यायाला दोन शब्द.
दुसऱ्याला रात्र, समई, जिन्यावरची पावलं,
आणि एक दासी जी पुस्तकात पुन्हा कधीच येत नाही.
शेवटी लिहितो: खरं काय, ते ठरवता येत नाही.
म्हणजे ठरलं.

"आपल्यात ह्याला काय म्हणायचं?"
"म्हणे," मी म्हणतो.
सर हसतात. "पण आपलं म्हणे शेवटाला. त्याचं आधी.
आपण घाव घालून हात धुतो.
हा हात धुऊन घाव घालतो."

मग ते खिशातून रुमाल काढून
माझ्या हातावर टाकतात. जुना हत्ता.
वर दलाल पावसापाण्याचं बोलायचा,
खाली बोटं भाव बोलायची.
"बघ की, वर तो राजाला उदार म्हणतोय,"
आणि रुमालाखाली माझी दोन बोटं दाबतात.
दुखतं.

पलीकडे संग्रहालयात
ब्रह्मपुरीच्या टेकडीतून निघालेला
वीतभर ब्राँझचा समुद्रदेव उभा असतो.
त्यांच्याकडचा. घाट चढून आलेला.
सर जाताना त्याच्या दिशेने मान हलवतात,
ओळखीचा अडत्या दिसल्यासारखी.

माझ्या पिशवीत पतसंस्थेच्या सुवर्णमहोत्सवी अंकाची प्रुफं.
चेअरमनसाहेबांची दूरदृष्टी सात वेळा.
पान नऊ: संस्थापक सचिव कै. यशोधर चिवटे यांनी
प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला.

चिवटेमामा रोज पहाटे रंकाळ्याला दोन फेऱ्या मारायचे.
मी मागून चालायचो, धापा टाकत.

रात्री पेन्सिल घेतली.
'किंवा' लिहिलं. खोडलं.
'म्हणे' लिहायचं धाडस झालं नाही.
दूरदृष्टी सातही ठेवल्या, सहावीला 'अफाट' जोडलं.
आणि नवव्या पानावर, पूर्णविरामानंतर, एवढंच:
त्या दिवशीही पहाटे ते रंकाळ्याला
नेहमीच्या दोन फेऱ्या मारून आले होते.

चेअरमनसाहेबांनी वाचलं.
"छान. आठवणीचा ओलावा आला," म्हणाले,
आणि सही केली.

अंक निघाल्यावर चिवटेकाकू छापखान्यात आल्या.
दहा प्रती मागितल्या.
चष्मा लावला नाही, पान उघडलं नाही,
मुलाच्या बदलीचं, दुधाच्या दराचं बोलत राहिल्या.
पैसे देताना
नोटांखाली माझी दोन बोटं दाबली.

सरांना अजून सांगितलेलं नाही.
पुढच्या बुधवारी वाक्य तेच.
सम्राट अजून जिवंत आहे,
क्रियापद शेवटी आहे.